गणित टाळायचं म्हणून इकॉनॉमिक्स घेऊ नकोस

पत्र : मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. इकॉनॉमिक्स माझा सगळ्यात आवडता विषय. अकरावीला सरांनी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेऊ दिलं नाही म्हणून मॅथ्स घेतलं, पण बोर्डाचा पेपर झाला की त्याला कायमचा रामराम ठोकणार आहे. म्हणूनच बी.ए. इकॉनॉमिक्सला जायचं ठरवलंय. मामा म्हणतात, बी.ए. करून काय मिळणार, बी.कॉम. कर आणि सीएच्या मागे लाग. मैत्रीण म्हणते, पुण्यात बी.एस्सी. इकॉनॉमिक्स असतं, ते जास्त भारी. आमची तीन एकर शेती आहे, वडील कांदा करतात. ज्या वर्षी कांदा छान पिकतो त्याच वर्षी घरात पैसे कमी का येतात, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. त्याचं उत्तर जिथे मिळेल तो कोर्स सांगा. आणि नोकरीचंही सांगा, माझ्यामागे धाकटा भाऊ शिकायचा आहे.
— एक वाचक, निफाड

उत्तर :

तुझ्या कांद्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

समज, एखाद्या वर्षी बाजारात १०० क्विंटल कांदा आला आणि भाव २००० रुपये क्विंटल मिळाला. शेतकऱ्यांच्या हातात आले दोन लाख. पुढच्या वर्षी पाऊसपाणी छान झालं, कांदा ११० क्विंटल आला. पण माणसं कांदा स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाहीत. कांदापोह्यांत दोन कांद्यांऐवजी अडीच पडतील, फार तर. म्हणजे तो जादा दहा क्विंटल खपवायला भाव बराच खाली यावा लागतो. कांद्याच्या मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का हलला की मागणी किती टक्के हलते ते, ०.४ धरली, तर दहा टक्के जास्त माल खपायला भाव ढोबळमानाने पंचवीस टक्के उतरतो. १५०० रुपयांनी ११० क्विंटल म्हणजे एक लाख पासष्ट हजार. पीक दहा टक्के वाढलं आणि पस्तीस हजार रुपये गेले. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. खरी लवचिकता किती, हे बाजारातली आकडेवारी घेऊन काढावं लागतं.)

वडिलांचं यात काहीच चुकलेलं नसतं. त्यांच्या एकट्याच्या वावरात जास्त पिकलं असतं तर फायदाच झाला असता. सगळ्यांच्याच वावरात पिकलं, म्हणून तोटा झाला.

आता तुझं मॅथ्सचं पुस्तक काढ. डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांच्या धड्यात मागणीच्या लवचिकतेची गणितं आहेत. तू ती सोडवलीही असशील, पण बहुतेक फक्त सूत्र पाठ करून. त्याच पुस्तकात पुढे रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज काढणं) आहे, टाइम सीरीज आहे, इंडेक्स नंबर म्हणजे निर्देशांक आहेत. इकडे इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात लवचिकतेचा धडा आहे आणि निर्देशांकाचाही आहे. ज्या मॅथ्सला तू रामराम ठोकणार आहेस आणि ज्या इकॉनॉमिक्सवर तुझा जीव आहे, ते दोन्ही एकाच प्रश्नाकडे दोन बाजूंनी येतायत. तुला हे कोणी जोडून दाखवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे बारावीपर्यंत हे दोन विषय शिकवणारे शिक्षक एकमेकांच्या वर्गात सहसा डोकावत नाहीत.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला : इकॉनॉमिक्स जरूर घे, पण मॅथ्सपासून सुटका म्हणून घेऊ नकोस. इकॉनॉमिक्स घ्यायचं तर मॅथ्स हाताशी ठेवूनच घे. बी.ए. की बी.एस्सी. हा प्रश्न त्याच्यानंतर येतो आणि खरं सांगायचं तर तितकासा मोठाही नाही.

आता कोर्सबद्दल. पदवीचं नाव बघू नकोस, सिलॅबसची पीडीएफ उघड आणि त्यात तीन गोष्टी शोध : गणितीय पद्धती, संख्याशास्त्र आणि अर्थमिती, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्नांची उत्तरं काढण्याचं शास्त्र). सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय व्यापार हे पेपर बहुतेक ठिकाणी असतातच. फरक पडतो तो या तिन्हींमुळे. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्समध्ये हे तिन्ही मुख्य पेपर म्हणून येतात. तिथे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि त्यात मॅथ्स सक्तीचं आहे. पदवीचं नाव बी.ए.च, आणि मॅथ्सशिवाय दारातही उभं करत नाहीत. बी.ए. म्हणजे सोपं, हा मामांचा आणि तुझा समज तिथे टिकत नाही. तिकडे जायचा विचार असेल तर सीयूईटीचा फॉर्म बोर्डाच्या निकालाची वाट बघत नाही, तो आधीच भरावा लागतो. अजून वेळ आहे, तारखांवर लक्ष ठेव.

मैत्रीण म्हणते ते पुण्याचं बी.एस्सी. म्हणजे बहुधा गोखले संस्थेचं. गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. कितीतरी वर्षं ती संशोधनासाठी आणि एम.ए.साठीच ओळखली जायची, पदवीचा कोर्स अलीकडचा आहे. संख्याशास्त्रावर आणि आकडेवारी हाताळण्यावर तिथे चांगला भर आहे. पण प्रवेश परीक्षा आहे, फी अनुदानित कॉलेजच्या मानाने पुष्कळ जास्त आहे आणि वर पुण्यात राहण्याचा खर्च. शिष्यवृत्ती कोणती लागू होते, होस्टेल मिळतं का, हे अर्ज करण्याआधी विचारून घे. प्रवेश झाला आणि पैशाचं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर काही बुडत नाही, हे मी दिलासा द्यायला म्हणत नाहीये. ते कसं, ते सांगते.

नाशिकमधली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पूर्वी तिथे ‘इकॉनॉमिक्स स्पेशल’ म्हणायचे, आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) आलं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि त्यापुढे एम.ए. एका वर्षाचं. तुझ्यासाठी यातली कामाची गोष्ट मायनर आहे. इकॉनॉमिक्स मेजर आणि मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स मायनर अशी जोडी मिळाली, तर नाशिकमध्ये राहून, अनुदानित कॉलेजच्या फीत तू पुढच्या कुठल्याही चांगल्या एम.ए.ची तयारी करू शकतेस.

मात्र कागदावर असलेली जोडी वेळापत्रकात असेलच असं नाही. आर्ट्सचं इकॉनॉमिक्स सकाळी आणि सायन्सचं स्टॅटिस्टिक्सही सकाळीच, असं असेल तर त्या मायनरचा उपयोग शून्य. म्हणून कॉलेजात स्वतः जा. ऑफिसच्या खिडकीवर नाही, विभागात जा. मेजर-मायनरच्या कोणत्या जोड्या गेल्या वर्षी प्रत्यक्षात चालल्या, ते विचार. इकॉनॉमिक्स मेजरला दुसऱ्या वर्षी किती मुलं उरली, तेही विचार, कारण मुलं कमी पडली की काही ठिकाणी मेजरच बंद करतात आणि तुला दुसऱ्या विषयाकडे ढकलतात. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही, त्यांच्यातले काही फार तळमळीने शिकवतात. पण त्यांच्या नेमणुका उशिरा होतात आणि तोवर तुमचं अर्धं सेमिस्टर उलटलेलं असतं. शेवटी टी.वाय.च्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एखाद्या मुलीला गाठ आणि एवढंच विचार, की तीन वर्षांत तू एक्सेलमध्ये स्वतः एकदा तरी काही केलंस का? या एका प्रश्नातून विभाग कसा आहे ते कळतं.

बी.कॉम.बद्दल मामांचं म्हणणं उडवून लावू नकोस. बी.कॉम. आणि सीए हा मेहनतीचा आणि मानाचा रस्ता आहे. फक्त तो हिशेबाचा, कराचा, कंपनीच्या ताळेबंदाचा रस्ता आहे. बी.कॉम.मध्ये बिझनेस इकॉनॉमिक्स असतं, पण ते तोंडी लावण्यापुरतं. एखाद्या व्यापाऱ्याने वर्षभरात किती कमावलं, हे सीए अचूक सांगेल. पण सगळ्या तालुक्याच्या हातात पैसे कमी का आले, हा तुझा प्रश्न त्याच्या कामाचा नाही. तुला हिशेब लिहायला, जुळवायला मनापासून आवडत असेल तर मामांचं ऐक. पत्रावरून तरी मला तसं वाटलं नाही.

आता तुझ्या कांद्याकडे पुन्हा. पहिल्या वर्षाला तू लवचिकता शिकशील, ती वर झालीच. त्याच्या पुढची पायरी अशी, की यंदा भाव चांगला मिळाला म्हणून पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात, आणि तो बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो. कालच्या भावावर आजची लागवड ठरते, म्हणून हे चक्र फिरत राहतं. पोळ, रांगडा आणि उन्हाळ कांद्याचे हंगाम वेगळे, त्यातला फक्त उन्हाळ कांदाचाळीत साठवून टिकतो आणि तोही घटतो, सडतो. साठवणुकीचा खर्च आणि पुढे भाव वाढण्याची आशा यांचा मेळ तुझे वडील दरवर्षी मनातल्या मनात घालतात. कॉलेजात तेच कागदावर मांडायला शिकवतात.

तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार येईल, तेव्हा २०२३ ची आठवण ठेवून वर्गात बस. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली, पण ५५० डॉलर टन किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात तू हे सगळं शिव्यांसकट ऐकलं असशील. निर्यात रोखली की देशातला भाव पडतो, मुंबईतल्या ग्राहकाचे पैसे वाचतात, तुझ्या वडिलांचे जातात, इतपत आकृती काढून कुणीही दाखवेल. अवघड आहे ते पुढचं : पडलेल्या भावातला किती भाग बंदीमुळे आणि किती आवक वाढल्यामुळे? बंदी नसती तर भाव काय असता? तो भाव कुणी पाहिलेला नाही, तो आकडेवारीतून काढावा लागतो. हे काम इकोनोमेट्रिक्सचं, आणि तुझ्या बारावीच्या पुस्तकातलं रिग्रेशन ही त्याची पहिली पायरी.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या भावांचा माग काढला आहे. कांद्यासाठी ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याकडे पोचतात, असं त्यात निघालं. हा आकडा काढणारी माणसं तू शिकणार आहेस तेच विषय शिकून आली आहेत. त्यांच्यात लासलगावच्या लिलावात उभी राहिलेली किती असतील, मला माहीत नाही. तू तिथे असायला हवीस, असं मला मनापासून वाटतं.

आणि शेतीचे प्रश्न घेऊन अर्थशास्त्राकडे जाण्यात नवं काही नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. धारण क्षेत्र लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती माणसं, किती अवजारं, किती भांडवल लागतं आहे त्यावर ठरतं, हा त्यातला मुद्दा तीन एकरांच्या घरातल्या मुलीला आजही लगेच पटेल. गाडगिळांच्या काळात गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली. आणि हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महाराष्ट्रात अर्थशास्त्र शेताच्या बांधावरून फार लांब कधी नव्हतं.

नोकरीचं जे आहे ते स्पष्ट सांगते. तीन वर्षांच्या बी.ए. इकॉनॉमिक्सवर ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून नोकरी मिळत नाही. बँकांच्या परीक्षा, एमपीएससी, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, कंपन्यांमधली आकडेवारीची कामं हे मार्ग खुले होतात, पण ते इतर पदवीधरांनाही खुले आहेत. मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स आणि एक्सेलच्या पुढे आर किंवा पायथन या संगणकीय भाषा येत असतील, तर आकडेवारीच्या कामांत तू नक्की पुढे राहशील. विषयाचे खरे दरवाजे एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर उघडतात. यूपीएससी घेते ती इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा अर्थशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीवरच देता येते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकाऱ्यांचंही तसंच. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब धर.

आणि त्या एम.ए.च्या दारात मॅथ्स परत उभं असतं. आयआयटींची जॅम ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा २०२१ पासून इकॉनॉमिक्सचीही होते. तिच्या अभ्यासक्रमात सूक्ष्म, समग्र आणि भारतीय अर्थव्यवस्थेबरोबर गणित आणि संख्याशास्त्र आहे. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावात उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था घे, नाहीतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स घे, कुठेही गेलीस तरी गणिताची तयारी लागतेच. बी.ए.ला मॅथ्स सोडलेल्या हुशार मुली तिथे अडतात आणि स्वतःलाच कमी समजायला लागतात. कमी पडलेला असतो सराव. तो तुझा आज चालू आहे, तो तोडू नकोस.

भाऊ शिकायचा आहे, हे तू लिहिलंस ते मी विसरलेली नाही. घरी वडिलांशी मोकळेपणाने बोल. तिसऱ्या वर्षानंतर तुझ्या पगाराची घराला गरज पडणार असेल, तर नाशिकचं अनुदानित कॉलेज, इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्सची जोडी, आणि दुसऱ्या वर्षापासून बँकेच्या परीक्षांची तयारी, हा पक्का रस्ता आहे. नोकरी लागल्यावरही एम.ए. करणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षं थांबता येणार असेल, तर दिल्ली आणि गोखले या दोन्हींचे अर्ज भरच.

मराठी माध्यमाची भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणार. पुणे विद्यापीठात बी.ए.चे पेपर मराठीत लिहिता येतात, तेव्हा पहिल्या वर्षाला भाषेमुळे अडणार नाहीस. पण पुढची पुस्तकं, अहवाल, प्रवेश परीक्षा इंग्रजीत आहेत. यावर एक उपाय माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी उपयोगी पडला आहे. राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं, मराठीत आणि इंग्रजीतही. दोन्ही फुकट उतरवता येतात. शेतीचं प्रकरण आधी मराठीत वाच, मग तेच इंग्रजीत. तक्ते तेच, आकडे तेच, त्यामुळे शब्द आपोआप ओळखीचे होतात. शिवाय मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक कॉलेजच्या ग्रंथालयात शोध. इकॉनॉमिक्सवर गंभीरपणे मराठीत लिहिलेलं वाचलं की विचार आपल्या भाषेत पक्का होतो, मग इंग्रजीत तो मांडणं जमतं.

बोर्डाचा पेपर झाल्यावर रामराम ठोकण्याऐवजी सुट्टीत एक कर. ‘अ‍ॅगमार्कनेट’ या सरकारी संकेतस्थळावर लासलगावची रोजची आवक आणि भाव मिळतो. गेल्या एका वर्षाचे आकडे घे, एक्सेलमध्ये दोन रकाने भर, आवक आणि भाव. आलेख काढ. जिथे आवक वाढूनही भाव पडला नाही, किंवा आवक नसतानाही पडला, ते दिवस वेगळे काढ आणि त्या दिवशी काय घडलं होतं, ते वडिलांना विचार. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट करावाच लागतो, तुझा विषय आत्ताच तयार होईल. आणि हे करताना कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मग मामांकडे परत जाऊन बोलता येईल.

निकालानंतर फॉर्म भरण्याआधी दोन-तीन कॉलेजांचे सिलॅबस आणि त्यांनी दिलेल्या मेजर-मायनरच्या जोड्या मला पाठव. मी बघून कळवते.